पूर्वीची दुरुस्ती असल्यास

आबा,

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आक्षर सोडू नको. थापी म्या धरतो." अक्षर सोडलं नाही, म्हणूनच या भानगडीत सापडलो आहे.

भिंगारच्या जुन्या बाजाराची वेस पाडायचं घाटत आहे. ट्रक अडकतात म्हणे. वेस जुनी वास्तू म्हणून सरकारदरबारी मान्य झाली, तर अनुदान मिळेल, वेस वाचेल आणि आतल्या दुकानांची ओळही सावरेल. मी बाजार मंडळाचा कारकून, तेव्हा अर्ज माझ्याकडे. पहिल्या कचेरीनं कळवलं, जागा आमच्या हद्दीत नाही. दुसरीनं तीन प्रती मागवल्या. तिसरीनं लिहिलं, प्रती पोहोचल्या, मूळ अर्ज पोहोचला नाही. एका साहेबांनी तर तोंडावर सुनावलं, "माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्हाला वेस पाहिजे?" मी म्हणालो, "साहेब, गावातले गवंडी दुष्काळी कामावर खडी फोडताहेत. वेशीचं काम निघालं तर त्यांच्या हातात पुन्हा थापी येईल." ते म्हणाले, "हे लेखी द्या." दिलं. चार वेळा वाचून, एकही खाडाखोड न करता. त्याचं उत्तर आलं नाही.

अखेर पुण्याहून पाहणीला साहेब येणार असं पत्र आलं. मी बाजारात सूचना लावली : "तरी सर्वांनी वेस व परिसर स्वच्छ ठेवावा." काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. दोन दिवस मी नगरला नकाशाच्या मागे होतो. परत येऊन पाहतो, तर वेस पिस्ता रंगाची! कमानीपासून पायापर्यंत ऑइलपेंट. अध्यक्ष शेटजी, ज्यांचं कापडाचं दुकान वेशीला लागून आहे, ते खुशीत उभे. मी डोक्याला हात लावला. "अरे, पाहुणा येणार म्हटल्यावर घर रंगवत नाही का आपण?" असं वर मलाच विचारतात.

एवढा डाव्या खांबाचा खालचा भाग वाचला होता, तोही तिथं बांगड्यांची टोपली मांडून बसणाऱ्या कासारीण मावशींमुळे. तिथून त्या हललेल्याच नव्हत्या. "माज्या बांगड्यांवर रंग उडला तर कोन भरून देनार? तुमी?" असं म्हणून त्यांनी रंगाऱ्याला परत पाठवलं होतं.

साहेब आले. कमानीला बोट लावलं, बोट हिरवं झालं. वर्षभराची लिखापढी त्या बोटावर संपली असं वाटलं. मग त्यांना मावशींच्या टोपलीमागचा कोपरा दिसला. ते गुडघ्यावर बसले. सांध्यांतला चुना नखानं खरवडून पाहिला. "हे अस्सल आहे," म्हणाले. "मूळ बांधकाम. एवढ्यावर मी शिफारस करू शकतो."

आबा, तो कोपरा तुमचा आहे. उसाच्या गाडीच्या धक्क्यानं तो खांब ढासळला होता आणि तुम्ही बांधला होता. मी अकरा वर्षांचा. तुम्ही चुना मळता आहात, पडलेलेच दगड निवडून पुन्हा बसवता आहात, आणि तुमची नजर चुकवून मी ओल्या चुन्यात खिळ्यानं तुमच्या नावाचं पहिलं अक्षर कोरतो आहे. तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात आणि अंगठ्यानं अक्षर पुसलंत. "कोनी बांधलं ह्ये कळलं, तर काम बिघडलं समज." मला फार राग आला होता.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला त्या खांबाशी राबताना त्यांनीही पाहिलं होतं. मी साहेबांना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "व्हय सायेब, लई जुनं हाय. माज्या सासूच्या बी आदीचं." शेटजींनी जोरात मान डोलावली. माझं तोंड मिटलं.

आता शेवटचा अर्ज समोर आहे. उद्याच्या टपालानं जायला हवा. नववा रकाना असा : "पूर्वीची दुरुस्ती असल्यास नेमकी जागा नमूद करावी." चुकीची माहिती लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून आज दुपारी फूटपट्टी घेऊन गेलो. तुमचे दगड मोजून लिहिणार होतो. मावशींनी टोपली उचलून जागा करून दिली. तासभर बोटं फिरवली. तुमचं काम कुठं सुरू होतं, कुठं संपतं, सापडेना. मावशी म्हणाल्या, "काय हुडकतोस रं? त्येनं ठिवलंय व्हय काय हुडकायला?"

रकान्यात "निरंक" लिहिलं आहे. हे पत्र मात्र अर्जाच्या पाकिटापासून दूर, ट्रंकेत ठेवतो. चुकून बरोबर गेलं तर वेस जाईल. दगड सापडले नाहीत, ही सबब बरी मिळाली. पण आबा, सापडले असते तरी मी तेच लिहिलं असतं.