काडीच्या काढ्यातला गूळ

आबा, माझी नाडी आता सात रस्त्याजवळचा एक पोरसवदा डॉक्टर बघतो. मनगट धरतो ते डोळे घड्याळावर ठेवून. तुम्ही घड्याळ कधी वापरलंच नाहीत. तुम्ही माणसाच्या तोंडाकडे बघत बसायचात आणि समोरचा उगीच कावराबावरा व्हायचा. मला दमा लागला आहे, आईचाच. दागिने काही तिने मागे ठेवले नाहीत, पण हे मात्र बिनबोभाट माझ्या वाट्याला आलं. डॉक्टर त्यावर एक पांढरी गोळी देतो. पहिल्यांदा दिली तेव्हा म्हणाला, हे औषध मुळात एका झुडपाच्या काड्यांतून निघालं, उत्तरेकडच्या डोंगरात होतं ते झुडूप. मी म्हटलं, 'ठाऊक आहे.' त्याला वाटलं, म्हातारी ठोकून देतेय. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

आपलं दुकान म्हणजे गिरणीच्या भिंतीमागच्या गल्लीतली अरुंद खोली आणि पुढे फरशीचा कट्टा. माळशिरसकडच्या माळावर मेंढरं वळणाऱ्या घरातले तुम्ही. पाऊस दगा देत राहिला तशी मेंढरं गेली आणि मेंढरांची औषधं तेवढी तुमच्या हाती उरली. सोलापुरात येऊन तीच विद्या माणसांवर चालवलीत. कुणी वैद्यबुवा म्हटलं की चिडायचात. 'मी मेंढक्या हाय. मेंढरू बोलत न्हाय म्हणून त्याला नीट बघावं लागतं. तुमी बोलता, म्हणून तुमाला कुनी बघत न्हाय.' ती काडी तुमच्याकडे घाऊक व्यापाऱ्याच्या पोत्यातून आली. पान नाही, फूल नाही, नुसत्या खराट्यासारख्या पिवळट हिरव्या काड्या. उकळून प्यायलं की कापसाच्या भुग्याने भरलेली छाती थोड्या वेळात मोकळी व्हायची. कापूस पिंजायच्या खात्यातली माणसं गुडघ्यांवर हात टेकून, वाकून कट्ट्यावर बसलेली मला अजून दिसतात. जरा वेळाने तीच ताठ होऊन तंबाखू मळायला लागतात. पण काडीचा दुसरा गुणही तुम्हाला लवकरच कळला होता. छाती उघडते तशी झोप उडते, भूक मरते, काळीज धडधडतं. म्हणून तुम्ही तुमचा कायदा केलात. काडी कुणाला घरी द्यायची नाही. काढा कट्ट्यावर बसूनच प्यायचा, जेवून यायचं, आधी नाडी दाखवायची, आणि धाप नसेल त्याला थेंबही नाही. वर त्यात काडेकिराईत, निव्वळ तोंड वाकडं व्हावं म्हणून. किराईताचा दम्याशी काही संबंध नव्हता. 'कडू हाय तवर औषध हाय,' तुम्ही म्हणायचात. 'ग्वाड लागलं की त्येचा च्या झाला.'

आणि आमची आई. दाराशी आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून तांब्या पुढे केल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. गावी पाणी लांबून डोक्यावर आणायची, पण तिथंही पाहुण्याला नुसतं पाणी दिलेलं कुणी बघितलं नव्हतं. ती दिवसा गिरणीत रिळं भरायची आणि सुटून आली की दुकानामागच्या चुलीवर काढा उकळायची. आपल्या उंबऱ्याशी आलेला माणूस तोंड वाकडं करून जातो हे तिला सोसेना. आधी काढ्यानंतर तळहातावर खडा पडायला लागला. तुम्ही ते बघितलंत आणि चालू दिलंत. मग किराईत कमी होत गेलं, आणि एक दिवस गूळ सरळ पातेल्यातच पडला, वर आल्याचा तुकडा. तुम्ही पळी चाटून बघितलीत.

'ह्ये काय केलंस?'

'मानसं हायती की ती. मेंढरं न्हाईत.'

'मेंढरं बरी. गूळ मागत न्हाईत.'

'आवं, दारात आलेल्याला कडू पाजून कुनाचं भलं झालंय?'

तुम्ही पळी तिच्या हातातून काढून घेतलीत. त्या दिवसापासून काढा तुम्ही करायला घेतलात खरा, पण माल आणायला बाहेर पडलात की पळी पुन्हा तिच्याच हातात. मी लग्नाच्या वयाची होते, सगळं बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला आईचंच पटत होतं. तुमच्या हातचा काढा मीही एकदा चाखला होता.

गोडाची बातमी लपत नाही. तुम्ही जिला दम्याची काडी म्हणायचात तिला गिरणीत वेगळंच नाव पडलं. लोक तिला 'जागती' म्हणायला लागले. नाव बदललं तशी येणारी माणसंही बदलली. आता धाप लागलेले कमी आणि डोळे तारवटलेले जास्त. त्यात साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, काम करणारा एक तरुण विणकर होता, घरात तेलुगू बोलायचा, आईला अक्का म्हणायचा. एक पाळी संपवून दुसरीला उभा राहायचा. छाती त्याची ठणठणीत होती. तुम्ही त्याला दोनदा परत पाठवलंत, म्हणून तो तुम्ही नसताना यायचा. 'अक्का, वाईच जागती द्या की. साच्यापुढं डोळा लागला तर हात जातोय.' कारण खोटं नव्हतं, हेच वाईट. आई त्याच्यासाठी पेला भरायची. ती पाळी करून आलेली असायची आणि पुढे धुणं, दळण, चूल वाट बघत असायची. पातेल्यात उरलेलं कुठे जातं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

एका दुपारी चौघांनी त्याला उचलून आपल्या कट्ट्यावर आणलं. साच्यापुढे उभ्या उभ्या कोसळला होता. ओठ पांढरेफटक, आणि छातीवरचा सदरा थडथड उडत होता. तुम्ही दिवस मावळेपर्यंत त्याचं मनगट सोडलं नाहीत. तो वाचला, पण पुन्हा साच्यावर उभा राहिला नाही. घरचे त्याला घेऊन गेले. गिरणीच्या दारावर हुकूम लागला की कसलाही काढा आत आणायचा नाही. मग नगरपालिकेचा एक माणूस चौकशीला आला. आईने त्याच्याही हातावर गूळ ठेवला.

'ह्या काडीला बंदी हाय का?' तुम्ही विचारलंत.

'बंदी नाही.'

'मग परवानगी हाय?'

'तीही नाही. कायद्यात हिचं नावच नाही हो,' तो पाणी पीत म्हणाला. 'तुम्ही आपलं जपून विका.'

तो गेला. सरकार सुटलं आणि सगळं पुन्हा तुमच्या गळ्यात आलं.

नंतरची गिरणीची सुट्टी. भर दुपार आहे, आई भाकरी थापतेय, हात पिठाने भरलेले. तुम्ही चुलीपाशी येऊन बसता आणि तिचं मनगट धरता. घरातल्या माणसाची नाडी तुम्ही कधी बघत नसायचात, म्हणून मी कणगीपाशी थबकते.

'काय म्हनतीया?' आई विचारते.

'पळतीया.'

'कुनाच्या मागं?' ती हसते.

तुम्ही हसला नाहीत. उठलात, पोतं ओढत परसात नेलंत, खड्डा खणलात. सगळी काडी त्यात ओतलीत आणि शेजारच्यांच्या शेळ्यांनी उकरू नये म्हणून वर चुना टाकलात. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. 'माझ्यापुरती तरी ठेवा की. थंडी तोंडावर आलीया.'

'न्हाय.'

'मूठभर.'

'न्हाय म्हटलं न्हवं.'

त्या थंडीत आईचा श्वास गल्लीतल्या माणसालाही ऐकू जायचा. तुम्ही अडुळसा दिलात, सुंठ-मध दिलंत, तेल गरम करून तिची छाती चोळलीत. आडवं पडवेना तेव्हा तिच्या पाठीला टेकू म्हणून स्वतः भिंतीला पाठ लावून बसलात, पहाटेपर्यंत. थंडी सरता सरता ती गेली. परसातल्या त्या चुन्याच्या डागाकडे बघून मी मनात एक गाठ मारली. मूठभर काडीसाठी आबांनी माझी आई घालवली, ती गाठ. लग्नानंतर माहेरी यायचे तेव्हा कामापुरतंच बोलायचे. येईन तेव्हा तुम्ही स्वतः गूळ-पाणी पुढे करायचात. आई असताना तांब्याला हात न लावणारे तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते द्यायला लागला होतात. तुमच्या हातचा खडा भलताच मोठा असायचा, तोंडात मावायचा नाही. मी तो घ्यायचे आणि जाताना वाटेत टाकून द्यायचे. एक दिवस तुम्ही गेल्याचा निरोप आला. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

आता काडीला कायद्यात नाव मिळालंय, आबा. गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. एक सकाळी, धाप लागली तर आणखी एक, दिवस मावळल्यावर नाही. तुमचाच कायदा, फक्त कट्टा नाही. परवा मनगट धरून डॉक्टरने भुवई उंचावली. 'आजी, नाडी पळतेय. जास्त घेता का?' तोच शब्द. मला आईचा पिठाचा हात दिसला, आणि मी तेव्हा विचारलं नव्हतं त्याचं उत्तर, इतक्या वर्षांनी, त्या दवाखान्याच्या बाकावर मिळालं. पातेल्यातलं उरलेलं ती पीत होती. गिरणीसाठी, चुलीसाठी, आमच्यासाठी. तुम्हाला ते मनगटावरून कळलं, आणि पोरीपुढे आईचं उणं काढायचं नाही म्हणून तुम्ही माझा राग निमूट अंगावर घेतलात. काडीने ती आधी गेली असती की राहिली असती, हे तुम्हालाही ठाऊक नसणार. ते ठाऊक नसताना तुम्ही पुढची वर्षं कशी काढलीत, आबा? माझा राग सगळा गेला असं म्हणणार नाही. थोडा आहे. एवढी वर्षं सोबत राहिलेली दुसरी वस्तू माझ्याकडे नाही.

डॉक्टरला मी 'नाही, जास्त घेत नाही' म्हटलं. मुलगा त्याच्या नोकरीच्या गावी असतो, ह्यांना जाऊन बराच काळ झाला. दुपार उलटली की घरात भांड्याचाही आवाज होत नाही. दाराशी कुणी येत नाही, त्यामुळे डब्यातल्या गुळाला पाणी सुटतं. मग धाप नसली तरी मी एखादी गोळी घेते. काळीज जोरात चालायला लागतं, आणि थोडा वेळ घरात कुणीतरी वावरतंय असं वाटतं. हे पत्र कुठे टाकायचं, ह्याचा मी विचारच केलेला नाही. घडी घालून गुळाच्या डब्याखाली ठेवीन. तुम्ही असतात तर पत्र लागलंच नसतं, मनगट धरून माझ्या तोंडाकडे बघितलं असतंत.

गोळी फार कडू आहे, आबा. मी ती गुळात घालून घेते.