दोनदा मोजलेले बांगडे

५ डिसेंबर

चि. छोटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळपासून आपल्या वसतिगृहाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आहेत. गोष्टीचं एकच पुस्तक दोघींच्या मांडीवर, तुला पान उलटायची घाई आणि मी तुझा हात धरून बसलेली. सिस्टर मागून जाताना टपली मारायच्या, ती नेहमी मलाच.

आता कामाचं. विणीच्या हंगामातली मासेमारी बंदी ठेवायची की उठवायची, हे तुमचं आणि आमचं, दोन्ही राज्यं मिळून ठरवणार आहेत. बांगडे आम्ही उन्हाळ्यात मोजतो, तुम्ही थंडीत. आमच्या मत्स्य खात्याच्या साहेबांनी दोन्ही आकड्यांची बेरीज केली आणि म्हणाले, मासा भरपूर आहे, अहवालावर सही करा. मला वाटतं, तो एकच थवा आहे. इथून निघून तिकडे येतो. म्हणून मेमध्ये आम्ही बांगड्यांच्या पाठीत प्लॅस्टिकच्या बारीक पिवळ्या खुणा टोचून त्यांना सोडलं. तुझ्या धक्क्यावर दिसल्या तर ठेवून घे. मेहुण्यांना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझीच,
ताई

१९ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

गुडघा बरा आहे, घर ठिकाणावर नाही. पिवळ्या खुणा निघाल्या, टोपल्याटोपल्यांतून! हे म्हणाले, फेकून दे समुद्रात. तुझ्या ताईला पगार आहे, आपल्या बोटी काय शोकेसमध्ये ठेवायच्या? मी म्हटलं, मासा संपला की तेच करावं लागेल.

मी त्या खुणा पदरात घेतल्या आणि बोटमालकांच्या सभेत टेबलावर ओतल्या. एकाने मला घरभेदी म्हटलं. मी म्हटलं, बांगडा तुमची हद्द पाळतो का, त्यालाच विचारा. हे माझ्या बाजूने एक अक्षर बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. घरी आल्यावर चहा मात्र ह्यांनीच केला.

खुणा पाठवते आहे. सही केलीस तर तोंड दाखवू नकोस.

तुझी लाडकी (आणि भांडकुदळ),
छोटी

२ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक शाबासकी.

सही केली नाही. साहेब म्हणाले, निवृत्ती तोंडावर आली, आता कशाला वाकड्यात शिरता? मी म्हटलं, आता नाही तर कधी शिरू? त्यांनी माझी खोली काढून घेतली. टेबल भांडारात आलंय, फाटक्या जाळ्यांच्या शेजारी. दोन राज्यांच्या बैठकीचं मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. तूही येते आहेस. हे मी विचारत नाहीये.

मला दारातच अडवलं तर माझ्याकडच्या खुणा घे आणि बोटमालकांच्या संस्थेची म्हणून तू आत जा. निम्म्या खुणा तुमच्या अधिकाऱ्यांच्या हातात दे, निम्म्या आमच्या सचिवांच्या, सगळ्यांच्या देखत. दोघांनाही सांग, बेरीज खोडा.

बैठकीनंतर मला कचेरीत ठेवतील असं वाटत नाही, म्हणून वाटणी आत्ताच करते. माझा सूक्ष्मदर्शक माझ्याबरोबर मासे मोजणाऱ्या मुलीला. तो मी माझ्या पैशांनी घेतलाय, कचेरीचा नाही. जाड शाल मेहुण्यांना. बंदी राहिली तर घरी बसून चिडताना अंगावर घेतील. भांडाराची किल्ली शिपायाकडे.

साहेबांना माझ्याकडून काही नाही. सही तर नाहीच.

माया आहे तशीच ठेव,
ताई