जपानी शब्दांवर चिकटवलेले फोटो

४ मार्च

पुन्हा बंद! साइटवाल्यांनी काहीतरी बदललं आणि माझी स्क्रिप्ट गपगार. कपाच्या फोटोऐवजी बाबांसमोर भलंमोठं जपानी अक्षर. बाबा अक्षराकडे बघतात, मग माझ्याकडे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आधीच शब्द सापडत नाहीत, त्यात हे!

खरं तर कल्पना चांगली होती. ही साइट मी जपानी शिकायला घेतली. आलेला शब्द ती लांबणीवर टाकते, चुकलेला लगेच परत आणते. बाबांना हेच तर हवंय! म्हणून ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन घातलं, साइटचं रूप बदलणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, इकडून तिकडून जमवल्या आणि जपानी शब्दांवर घरातले फोटो चिकटवले — कप, पाणी, फोन, चष्मा, आत्या. बाबा बोलतात, मी बरोबर किंवा चूक दाबते.

५ मार्च

दुरुस्त. एक स्वल्पविराम राहिला होता. अख्खा दिवस गेला.

९ मार्च

जपानीच्या सरांचा फोन. साइटवरची माझी प्रगती त्यांना दिसते. "अहो, तुमची पातळी घसरतेय. पाण्याचा शब्द विसरलात?" मी नाही हो, बाबा विसरले! वेगळं खातं उघडायचं डोक्यातच आलं नाही. बाबांची प्रत्येक चूक माझ्या नावावर. माझ्यासारखी शहाणी मीच.

एक मात्र झालं. बाबांना कप यायला लागला.

१३ मार्च

स्पीच थेरपिस्ट बाई बाबांसमोरच म्हणाल्या, "पाणी, फोन, दुखतंय — एवढं तरी नीट सांगता आलं पाहिजे. तोवर यांना एकटं ठेवू नका. ते जमलं की तुम्ही खुशाल जा." आत्या दिवसभर कामावर. आणि मला महिनाअखेर जपानला रुजू व्हायचंय. तिथल्या वृद्धाश्रमात, दुसऱ्यांच्या बाबांना सांभाळायला! हसावं की रडावं?

१४ मार्च

चुकलं की स्क्रीन लालभडक व्हायची आणि बाबा मान खाली घालायचे. ते काढलं. आता फिकट निळा. "छान," बाबा म्हणाले. मग कपाला चष्मा म्हणाले. येत होता की हो कप!

१९ मार्च

फोटो मोठे केले. 'दुखतंय'साठी कपाळ धरलेला माझाच फोटो घातला. शब्द मोठ्याने ऐकवणारी स्क्रिप्ट घातली. एका वेळी चारच कार्डं. काही म्हणता काही उपयोग नाही. काल आलेलं आज जातं. आज ओरडले त्यांच्यावर — "बाबा, लक्ष द्या ना हो!" ते नुसता माझा हात थोपटत राहिले. मला फार वाईट वाटलं.

स्क्रिप्ट बिघडली तर निदान कुठे चुकलं ते सापडतं. इथे मी काय करू? काही सुचत नाही.

२२ मार्च

नोकरीवाल्यांना मेल लिहिला — येऊ शकत नाही. पण पाठवला नाही. उद्या पाठवीन.

२३ मार्च

आत्याला सुट्टी होती, म्हणून बाबांजवळ तिला बसवून मी औषधं आणायला गेले. परत आले तर पॅसेजमध्येच ऐकू आलं — पाणी. चष्मा. फोन. दुखतंय. एकही चूक नाही! आत्या म्हणत होती, "अरे दादा, तुला तर सगळं येतंय!"

मी तिथेच उभी राहिले. मग काही न ऐकल्यासारखी आत गेले आणि तिच्या जागी बसले. फोनचा फोटो आला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "चष्मा."