संत्र्यांले हिव भरलं

अहो,

तुमचा फोन लागून नाही राह्यला. आईंले घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात चालली.

सकाळी कोल्ड रूमचं दार सताड उघडं होतं अन् संत्र्याच्या कॅरेटवर आईंच्या गोधड्या. "काहून?" म्हटलं, तर म्हणाल्या, "लेकरांले हिव भरलं होतं." हसावं का रडावं, मले समजलं नाही. मग मलेच विचारलं, "तू कोणाची वं, बाई?" मी म्हटलं, "तुमचीच."

तुम्ही म्हणता, वय झालं. मले नाही तसं वाटत.

नरम पडलेली संत्री परत थंडीत ठेवू नका, चकत्या करून ड्रायरमध्ये वाळवा. का आधी व्यापाऱ्याले विचारायचं? काही सुचून नाही राह्यलं.

तुमचं नाव अजून आहे त्यांच्या ध्यानात. लवकर या.

सलोनी