हिची डोकेदुखी, माझं निदान

३ जून, सकाळी
हिचं डोकं दुखतंय. उजवं कानशील. वय एकाहत्तर, आजवर कधी डोकेदुखी नाही. औषधाच्या दुकानात काउंटरमागे मी अडतीस वर्षं काढली. निदान दोन मिनिटांत केलं: चष्म्याचा नंबर. डॉक्टरची गरज नाही.

६ जून
नवा चष्मा आणला. फरक नाही. सवय व्हायला वेळ लागतोच.

९ जून
कंगवा फिरवला तरी डोकं हुळहुळतं म्हणे. कंगवा बदलला.

१३ जून
जेवताना मध्येच थांबते. चावून चावून जबडा भरून येतो म्हणाली. म्हणजे दुखणं दाढेचं! स्वतःचं निदान सुधारायलाही मोठेपणा लागतो. अन्न मऊ शिजवायला सांगितलं. तिलाच.

१४ जून, दुपारी
लेकीचा फोन. या वयात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी अंगावर काढायची नसते म्हणाली. म्हटलं, मी दुकानात काय गोट्या खेळत होतो? ही म्हणाली, राहू दे गं, त्यांना कळतं.
डोकेदुखीची गोळी देत होतोच, ती वाढवली.

१९ जून, शुक्रवार
सकाळी हिच्या उजव्या डोळ्यापुढे पाचेक मिनिटं पडदा आला. मग गेला. अहो, दाखवून येऊया का, म्हणाली. पहिल्यांदाच स्वतःहून. मोतीबिंदू असणार. तो कुठे पळून जातोय? सोमवारी जाऊ म्हटलं.

२१ जून
उठली तेव्हा उजव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं.
हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी कानशिलावर बोट ठेवलं. कंगवा लागतो का, चावताना जबडा दुखतो का, एवढंच विचारलं. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आहे. रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू केलं. गेलेली नजर बहुधा येणार नाही, दुसरा डोळा वाचवायचा. वेळेत आला असतात तर, म्हणाल्या, आणि केसपेपर भरायला घेतला.
कधीपासून दुखतंय?
मी म्हणालो, चार-पाच दिवस.
ही शेजारीच होती. हळूच म्हणाली, अठरा दिवस.

२९ जून
घरी आलो. डोकं दुखायचं दुसऱ्याच दिवशी थांबलं होतं. डावा डोळा शाबूत आहे.
लेक आली आहे. आधी का नाही गेलात, म्हणून रडली. ही म्हणाली, ते रोज मागे लागायचे गं, मीच ऐकलं नाही.
लेकीने माझा हात धरला. बाबा, तुम्ही तरी काय करणार, म्हणाली.
खरं सांगायचं होतं. मान डोलावली.