तिसऱ्या खांबाखालची हिरवी बत्ती

३ जून
आणि मी टिकत नाही म्हणजे काय? लाकूडतोडीचं काम सोडलं ते मालक शिवराळ होता म्हणून. टायरचं दुकान पाठीमुळे. पेट्रोलपंप तर धरूच नये, नऊच दिवस होते. पण फोनवर लोर्नाला हेच आठवतं. बायको आहे की फौजदार! केंटकीत आईकडे बसून बोलायला काय जातंय? इथे मिसिसिपीत, चिकनच्या कारखान्यात, मी दिवसभर कोंबड्या टांगतो. तिच्यासाठी आणि एमीसाठीच ना?
ट्रेलर-घर भाड्याने देणारी बाई तीस तारखेपर्यंत थांबणार. डिपॉझिट सहाशे डॉलर. भरलं की दोघी मायलेकी इकडे. नाही तर लोर्ना तिथेच वृद्धाश्रमात नोकरी धरणार, मावशीकडे खोली घेणार. वर्षाचा करार.
आजपासून एक सेंट वाया घालवायचा नाही.

६ जून
पाण्यात सोडायच्या हिरव्या बत्त्या घेतल्या, दोन. एकशे दहा डॉलर. हा खर्च नव्हे. वीस तारखेला तळ्यावर रात्री क्रॅपी मासे धरायची स्पर्धा आहे. सात माशांचं मिळून वजन ज्याचं जास्त, तो जिंकला. पहिलं बक्षीस सहाशे! बरोब्बर सहाशे. लोर्नाला आत्ताच सांगायचं नाही.

११ जून, रात्री २.३०
सराव. पाच जागा बदलल्या. मासा एक, बोटाएवढा. तळंच भिकार आहे.
शेजारच्या होडीत मिस्टर पर्विस. आमच्याच कारखान्यातून रिटायर झालेला म्हातारा, पालथ्या बादलीवर बसतो. म्हणाला, "पोरा, मासे धरतोयस की टपाल वाटतोयस?" मग न विचारता शिकवणी. बत्ती सोडली की आधी किडे येतात. किड्यांमागे बारके मासे. बारक्यांमागे क्रॅपी. दोन तास, कधी तीन. तोवर बूड हलवायचं नाही.
मी म्हटलं, माहितीय. माहीत नव्हतं, पण सुचलंच असतं.

१४ जून
लोर्नाचा फोन. एमी चालली! खुर्चीपासून फ्रीजपर्यंत, चार पावलं. मी म्हटलं, पाचवं इकडे टाकेल. लोर्ना म्हणाली, "कामावर जातोस ना रे?"
हा काय प्रश्न झाला? आज गेलो नव्हतो, पण बत्तीची वायर जोडायची होती.

१९ जून
निश्चय. पुलाचा तिसरा खांब. एकच जागा. उजाडेपर्यंत हलायचं नाही. या ओळीखाली दोन रेघा मारल्यात.
स्पर्धेची फी चाळीस, होडीचं भाडं तीस.

२० जून, रात्री १०.५०
खांबाला होडी बांधून दोन तास. किडे आले. बारके मासेही आलेत, बत्तीभोवती गोल गोल फिरतायत. क्रॅपी एकही नाही. पर्विस दुसऱ्या खांबाशी, गुणगुणतोय. डोकं उठलं.

११.४०
पलीकडच्या काठाला कुणीतरी आरोळी मारली. नक्की मोठा मासा. नुसतं बघून येतो. एक बत्ती इथेच पेटती, बॅटरी खांबाच्या कट्ट्यावर. जागा राखून ठेवली म्हणजे हललो असं होत नाही.
पर्विस ओरडला, "अरे, इथला नियम ठाऊक आहे ना? बत्ती पेटती आणि माणूस नाही, तर जागा कुणाचीही!"
दहा मिनिटांत आलोच, म्हटलं.

२१ जून
सव्वा तास लागला. पलीकडे काही नव्हतं. एक जण पाण्यात पडला होता, त्याची आरोळी.
परत आलो तर माझ्या बत्तीखाली पर्विसची होडी. सात क्रॅपी, एकेक परातीएवढा. मी नाही नाही ते बोललो. म्हातारा चिडला नाही. म्हणाला, "अर्धा तास वाट बघितली तुझी. दोन हाका मारल्या." बाकीचेही त्याच्याच बाजूने. नियम म्हणे!
पहिलं बक्षीस त्याला. जाताना माझी बत्ती पुसून, वायर नीट गुंडाळून दिली. वर चार मासे पिशवीत. "बत्ती झकास आहे रे तुझी. माणूस तेवढा जवळ लागतो."
फसवा म्हातारा. मासे तळून खाल्ले. बरे होते.

२४ जून
फोरमनने बोलावलं. चार गैरहजेऱ्या म्हणाला. त्याने पुढचं बोलायच्या आत मीच काम सोडलं. लुइझियानात कोळंबीच्या बोटींवर माणसं हवीत म्हणतात. तिथे पैसे भरपूर मिळतात. एका महिन्यात सहाशे म्हणजे काहीच नाही.

३० जून
लोर्नाला फोन लावला. कोळंबीचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शनिवारपर्यंत थांबले रे मी. दोनदा फोन केला, उचलला नाहीस. काल वर्षाच्या करारावर सही केली."
घाई हाच तिचा दोष. फोनमध्ये मागे धपधप ऐकू येत होतं. विचारलं, काय पडलं? म्हणाली, "पडतंय कसलं. एमी पळतेय."
मी म्हटलं, पैसे पाठवतोय. "पाठव," म्हणाली. किती, ते विचारलं नाही.
दोन्ही बत्त्या पर्विसने विकत घेतल्या. घासाघीस केली नाही. त्यातले पंच्याहत्तर डॉलर पाठवतोय.
लुइझियानाच्या बसचं तिकीट राहिलंच की. तीस. म्हणजे पंचेचाळीस पाठवतोय.