मिरज रस्त्यावरच्या प्लॉटचा ताबा

६ एप्रिल ७५, रविवार. सांगली
वकिलांची चिठ्ठी. प्लॉटवरच्या झोपडीच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूनं लागलाच होता, आता ताब्याचं वॉरंट निघालं. १५ ला कोर्टाचा बेलीफ प्लॉटवर येणार. दादाला सांगितलं. वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वन्सं, म्हणजे दिवाळीपर्यंत घर होईल ना तुमचं?" वाईट अर्थानं नाही. मे अखेर भाच्याचं, श्रीकांतचं लग्न, नव्या जोडप्याला माझीच खोली लागणार. हे गेल्यापासून चार वर्षं भावाकडे आहे. कोण ठेवून घेतं इतकं?

९ एप्रिल, बुधवार
शाळा सकाळची. वकिलांनी जाऊ नका म्हटलेलं, तरी दुपारी प्लॉटवर गेले. दावा लावल्यापासून पहिल्यांदाच. झोपडीत दुष्काळात जतकडून आलेलं कुटुंब. मल्लाप्पा, बायको भीमव्वा, दोन मुली. खडी फोडताना त्याचा पाय अधू झाला, आता लाकडाच्या वखारीत राखण करतो. ती लोकांची धुणी धुते.

मी कोण ते सांगितलं. तिनं पाट दिला, पाणी दिलं. कोर्टात का आला नाहीत, विचारलं. तिनं छपरात खोचलेला कागद काढला. समन्स, दीड वर्षापूर्वीचं, घडीसुद्धा न मोडलेलं. "शिपाई अंगठा घिऊन गेला. वाचायला कुनाला येतंय, अक्का?" म्हणजे आपण जिंकलो ते समोर कुणी उभंच नव्हतं म्हणून.

ह्यांनी भूमिपूजन केलेला कोपरा मोकळा, सारवलेला. "पुजल्याले दगड दिसले. म्हनून तितं चूल मांडली न्हाई."

निघताना म्हणाली, "जागा तुमची हाय, आमी न्हाई म्हनत न्हाई. कुटं जायाचं तेवडं सांगा."


१२ एप्रिल, शनिवार
वकिलांना विचारलं, पावसाळा संपेपर्यंत मुदत देऊ या? शांतपणे म्हणाले, "बाई, आज सोडलंत तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. तोवर तिथं चार झोपड्या होतील." खोटं नाही ते. दादाही तेच म्हणाला. "यशवंतरावांनी प्लॉट घेतला तो तुझ्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून."

मला माझं घर हवंय. इथं लिहून ठेवते. दुसऱ्याच्या खोलीत पाहुणी म्हणून म्हातारी व्हायचं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
रजा. बेलीफ, दोन पंच, चार मजूर, एक पोलीस. पोलीस कशाला? कुणी हात उगारला नाही. मल्लाप्पा स्वतःच बसल्या बसल्या पत्र्यांचे दोर सोडत होता. तासाभरात जमीन रिकामी. बेलीफ म्हणाला, "करा सही." केली. 
भीमव्वानं एवढंच विचारलं, "दोन दिस सामान हितं कडंला ठिवू?" बेलीफ माझ्याकडे बघायला लागला. मी नाही म्हटलं. वकिलांनी बजावलेलं होतं, पण म्हटलं ते मीच.

२० एप्रिल, रविवार
कुंपणाचे खांब रोवायला माणूस घेऊन गेले. झोपडी उभी. माझ्या नव्हे, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, हद्दीपासून चार हातांवर. तेच पत्रे. भीमव्वा आली, जणू काही झालंच नाही. "अक्का, बांदकाम काडलं की सांगा. पानी मारायला, वाळू चाळायला मी यीन." हो म्हटलं. लाज वाटली, बरंही वाटलं. आधी कुठलं, कळत नाही.

२ मे, शुक्रवार
शेजारच्या प्लॉटच्या मालकांचं साताऱ्याहून पत्र. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. अजून भाड्याच्या दोन खोल्यांत, यंदा बांधायचं म्हणत होते. झोपडीचं त्यांना कळलंय. नम्रपणे लिहिलंय, आपणही यातून गेलात, तेव्हा ही माणसं कधी आली, कुठून आली, तेवढं लिहून द्यावं. पुढं कोर्टात एकदा उभं राहावं. यात गैर काय? त्यांच्या जागी मीही हेच मागितलं असतं.

जेवणाआधी कागद घेतला. स.न.वि.वि. लिहिलं. कधी आली, ते लिहिलं. तारीख पक्की ठाऊक आहे, माझ्या सहीचीच. पुढच्या ओळीला थांबलेय. कुठून आली? जतहून, असं लिहू, की माझ्या प्लॉटवरून?